घटक ४ : नवोन्मेषविषयक लेखन आणि व्याख्यान – एक व्यवसायमार्ग

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास :
• शोध, सुधारणा आणि नवोन्मेष या संज्ञांमधील फरक स्पष्ट करता येईल.
• नव्या कल्पनांचा लेखन-व्याख्यानांतून प्रसार करण्याची मराठीतील परंपरा सांगता येईल.
• डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या लेखन-व्याख्यानकार्यातून व्यवसायोपयोगी तत्त्वे काढता येतील.
• आपल्या परिसरातील एका नव्या साधनावर लेख व भाषण यांचा आराखडा तयार करता येईल.
• लेखक-वक्त्याचे श्रेय, हक्क, करार आणि मानधन यांविषयी सजगतेने निर्णय घेता येतील.

४.१ प्रस्तावना

मागील घटकांत आपण वृत्तपत्रीय लेख, माहितीपत्रक आणि आकाशवाणीसाठीची संहिता या लेखनप्रकारांचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात आपण अशा एका क्षेत्राकडे वळत आहोत, ज्यात हे सर्व प्रकार एकत्र येतात. शेती, मासेमारी, आरोग्य, शिक्षण, उद्योग अशा कोणत्याही क्षेत्रात जे नवे घडते, ते समजून घेऊन लोकांना सांगणारा लेखक आणि वक्ता आज सर्वत्र हवा असतो. ग्रंथालयांच्या व्याख्यानमाला, शेतकरी मेळावे, महाविद्यालये, सहकारी संस्था, कारखान्यांतील प्रशिक्षणवर्ग आणि आकाशवाणी ही त्याची व्यासपीठे होत.

हे काम मुंबई-पुण्यातील तज्ज्ञांचे, आपण लहान गावात राहून ते कसे करणार, अशी शंका आपल्या मनात येऊ शकते. म्हणून या घटकात रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यातील बुरोंडी हे गाव आपण अभ्यासक्षेत्र म्हणून समोर ठेवणार आहोत. एका बाजूला समुद्र आणि मासेमारी, दुसऱ्या बाजूला डोंगरउतारावरच्या आंबा-काजूच्या बागा आणि तालुक्याच्या ठिकाणी कृषी विद्यापीठ अशी या गावाची परिस्थिती आहे. जुने कसब आणि नवे तंत्र येथे शेजारी-शेजारी नांदतात. ज्याला या दोहोंमध्ये भाषेचा पूल बांधता येतो, त्याला विषयांची वाण पडणार नाही. मात्र त्यावर चरितार्थ कितपत चालेल, हा वेगळा प्रश्न आहे. त्याचा विचार आपण ४.२.६ मध्ये करू.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ संज्ञाविचार : शोध, सुधारणा, नवोन्मेष

ज्या विषयावर लिहायचे-बोलायचे, त्याच्या मूळ संज्ञा स्वच्छ असाव्यात. जे पूर्वी ज्ञात नव्हते ते प्रथम सापडणे किंवा घडवणे म्हणजे शोध. जे आहे त्यात थोडा फरक करून ते अधिक उपयुक्त करणे म्हणजे सुधारणा. नवी किंवा सुधारलेली गोष्ट प्रत्यक्ष वापरात येऊन लोकांच्या कामाची रीत बदलणे म्हणजे नवोन्मेष. याच अर्थाने ‘नवोपक्रम’, ‘नवकल्पना’ आणि ‘नवनिर्मिती’ हे शब्दही वापरले जातात. परंतु नवकल्पना मनात राहू शकते, नवनिर्मिती एखाद्या कार्यशाळेत राहू शकते, तर उपक्रम हा हाती घेतलेले काम दर्शवतो. ‘नवोन्मेष’ या शब्दातील ‘उन्मेष’ म्हणजे डोळे उघडणे, उमलणे. संस्कृत काव्यशास्त्रात भट्टतौताने प्रतिभेची व्याख्या करताना हाच शब्द योजला आहे, हे साहित्यशास्त्राच्या अभ्यासात आपण पाहिले आहे. कवीच्या प्रतिभेसाठी घडलेला शब्द आज यंत्रे, बियाणे आणि संस्था यांच्यासाठी वापरला जातो. हा अर्थविस्ताराचा एक चांगला नमुना आहे.

‘जुगाड’ हा शब्द हिंदीतून मराठीत आला आणि रुळला. जुगाड तात्पुरती अडचण भागवतो. तोच तोडगा पक्का झाला, दुसऱ्यालाही करता आला आणि टिकला, तर त्याची वाटचाल नवोन्मेषाकडे होते. व्याख्यानात या शब्दांची सरमिसळ झाली, तर श्रोता प्रत्येक क्लृप्तीला शोध समजू लागतो आणि खऱ्या शोधाचे मोल त्याच्या लेखी कमी होते.

४.२.२ मराठीतील परंपरा

नवा विचार लोकांपुढे मांडण्यासाठी लेखणी आणि व्यासपीठ या दोहोंचा वापर करण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. पुण्यातील वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे तिच्या प्रारंभाशी निगडित होते. व्याख्यान ऐकण्यासाठी लोकांनी ठरलेल्या वेळी जमावे, ही सवयच मुळात त्या काळातील एक नवोन्मेष होती.

बुरोंडीच्या उत्तरेस, त्याच किनाऱ्यावर, मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांचे गाव. कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केले. त्या विद्यापीठाच्या जन्मकथेत आपल्या विषयाच्या दृष्टीने एक महत्त्वाचा तपशील आहे. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका कर्वे यांच्याकडे टपालाने आली होती. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईत भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा भाषणाची तयारी करताना त्यांनी ती पुन्हा वाचली आणि स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना अध्यक्षीय भाषणातून मांडली. पुढच्याच वर्षी विद्यापीठ उभे राहिले. म्हणजे एका पुस्तिकेतून भाषण झाले आणि भाषणातून संस्था.

त्याच १९१५ साली त्यांचे ‘आत्मवृत्त’ प्रसिद्ध झाले. १९२९ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, ते युरोप, अमेरिका आणि जपानच्या दौऱ्यावर निघाले. त्यानंतर आफ्रिकेतही गेले. कर्वे फर्डे वक्ते म्हणून प्रसिद्ध नव्हते. स्वभाव भिडस्त, बोलणे साधे. तरीही लोक त्यांचे ऐकत आणि निधी देत, कारण जे बोलत ते त्यांनी आधी केलेले असे. १८९३ मध्ये त्यांनी स्वतः विधवेशी विवाह केला आणि त्यानंतर विधवाविवाहाच्या प्रचाराचे कार्य हाती घेतले. वक्तृत्व जन्मजात असावे लागते, असे मानून मागे राहणाऱ्या विद्यार्थ्याने हे उदाहरण लक्षात ठेवावे.

दुसरे उदाहरण उद्योगक्षेत्रातील आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडामुळे जमीन नासते, असा शेतकऱ्यांमध्ये समज होता. नांगर उत्तम असूनही प्रारंभी त्याची विक्री मंद राहिली, कारण अडचण ओतकामात नव्हती, समजात होती. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. कारखान्याची वार्ता देणारे हे पत्रक पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने मराठीतील एक प्रमुख मासिक झाले. नांगर विकणाऱ्यांना मासिक का काढावेसे वाटले, याचे उत्तर शोधले, तर लेखनाचे नवोन्मेषातील स्थान आपोआप कळते.

विज्ञानाच्या प्रसारासाठी १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिच्या कथास्पर्धेसाठी डॉ. जयंत नारळीकर यांनी टोपणनावाने कथा पाठवली आणि तिला पारितोषिक मिळाले, ही घटना प्रसिद्ध आहे. नावाचे वलय बाजूला ठेवून केवळ लेखनाची परीक्षा व्हावी, ही त्यामागची वृत्ती नवोदितानेही जोपासावी.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सुधारणा आणि नवोन्मेष यांत मुख्य फरक कोणता?
(आ) महिला विद्यापीठाची कल्पना कर्वे यांनी कोणत्या व्यासपीठावरून मांडली?
(इ) लोखंडी नांगराच्या प्रसारातील प्रारंभीचा अडथळा कोणता?

४.२.३ व्यक्तिअभ्यास : डॉ. रघुनाथ माशेलकर

नवोन्मेष या विषयावर लेखन व व्याख्याने करणाऱ्या मराठी भाषकांत डॉ. रघुनाथ अनंत माशेलकर यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्म १ जानेवारी १९४३ रोजी गोव्यातील माशेल येथे झाला. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपले आणि आईने मुंबईत गिरगावात कष्ट करून त्यांना शिकवले. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून ते अभियंता झाले आणि तेथूनच १९६९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १९८९ ते १९९५ या काळात ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते आणि १९९५ ते २००६ या काळात वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक. १९९८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि २०१४ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. त्यांच्या लेखक-वक्ता या रूपातून आपल्याला चार तत्त्वे काढता येतात.

पहिले तत्त्व : अधिकार आधी, व्याख्यान नंतर. माशेलकर नवोन्मेषावर बोलू लागले, तेव्हा त्यांच्यामागे प्रयोगशाळेतील अनेक वर्षे होती. आपल्यापैकी बहुतेकांना अशी प्रयोगशाळा लाभणार नाही. तेव्हा अधिकार कोठून आणायचा? नवोन्मेषावर बोलणाऱ्याच्या तीन भूमिका संभवतात : ज्याने ती गोष्ट घडवली तो कर्ता, जो ती घडताना जवळून पाहतो, नोंदी ठेवतो आणि खातरजमा करतो तो साक्षी, जो अनेक उदाहरणे ताडून अर्थ सांगतो तो भाष्यकार. कर्ता होणे सर्वांच्या हाती नसते. साक्षी होणे मात्र गावात राहणाऱ्यालाच अधिक साधते. अनेक वर्षे साक्षी राहिल्याशिवाय भाष्यकार होऊ पाहणारा मनुष्य थोड्याच काळात सुभाषिते बोलू लागतो.

दुसरे तत्त्व : एक दृष्टांत, अनेक अर्थ. माशेलकरांच्या व्याख्यानांत शाळेतील भावेसरांची आठवण वारंवार येते. सरांनी बहिर्वक्र भिंगातून सूर्यकिरण एका बिंदूवर आणून कागद जाळून दाखवला आणि शक्ती एकवटली तर काहीही साधता येते, असे विद्यार्थ्यांना सांगितले. विद्यार्थ्यांसमोर बोलताना या दृष्टांताचा अर्थ एकाग्रता असा होतो. संस्थांच्या प्रमुखांसमोर त्याचाच दुसरा अर्थ माशेलकर काढतात : समांतर किरण एरवी कधी भेटत नाहीत, भिंग त्यांना एकत्र आणते, विखुरलेल्या प्रयोगशाळांना एकत्र आणणारे नेतृत्व असे भिंगासारखे असावे. दृष्टांत तोच, श्रोता बदलला की अन्वयार्थ बदलतो. कीर्तनपरंपरेत वाढलेल्या मराठी श्रोत्याला ही रीत परिचयाची आहे.

तिसरे तत्त्व : विचाराला लक्षात राहील असे सूत्र द्यावे. सी. के. प्रल्हाद यांच्यासह माशेलकरांनी २०१० मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये एक लेख लिहिला. कमी साधनांतून अधिक निर्माण करावे आणि ते अधिकाधिक लोकांपर्यंत पोहोचावे, हा विचार त्यांनी ‘मोअर फ्रॉम लेस फॉर मोअर’ अशा सूत्रात मांडला. तो पुढे त्यांच्या व्याख्यानांचा कणा झाला. ‘रीइन्व्हेंटिंग इंडिया’ (२०११) आणि रवी पंडित यांच्यासह लिहिलेले ‘लीपफ्रॉगिंग टू पोल-व्हॉल्टिंग’ (२०१८) ही पुस्तके हाच धागा पुढे नेतात. मराठीत हे सूत्र ‘थोडक्यातून पुष्कळ, पुष्कळांसाठी’ असे सांगता येईल. येथे शब्दाला शब्द ठेवलेला नाही. पुनरुक्तीचा नाद मात्र राखला आहे.

चौथे तत्त्व : लिहिलेले टिकते. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगासाठी अमेरिकेत १९९५ मध्ये एक एकस्व देण्यात आले. माशेलकर महासंचालक असताना परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. हळदीचा गुण आपल्या घराघरांत ठाऊक होता. परंतु त्या कायद्यानुसार परदेशातील पूर्वज्ञान केवळ तोंडी असून भागत नसे, ते छापील स्वरूपात दाखवावे लागे. म्हणून संस्कृत ग्रंथांतील आणि भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील पुरावे शोधून सादर करण्यात आले. आजीचा बटवा खरा असूनही त्याला साक्षीदार कागदाचा लागला. भाषेच्या विद्यार्थ्याने या घटनेचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. आपल्या परिसरातील कसब लिहून ठेवणे, हे केवळ लेखनाचे नव्हे, राखणीचेही काम आहे.

४.२.४ विषय कोठून मिळवावा? : नूतन झेल्याचे उदाहरण

दापोली येथे १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. आज ते डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून तयार झालेला ‘रत्ना’ आणि जवळजवळ कोय नसलेला ‘सिंधू’ हे आंब्याचे वाण याच विद्यापीठाचे. आंबा काढण्यासाठी त्याने विकसित केलेले साधन म्हणजे ‘नूतन झेला’. बांबूच्या टोकाला कडे आणि जाळी असलेला झेला कोकणात पूर्वापार आहे. त्याने आंबा ओढून काढताना देठ तुटतो, चीक सालीवर ओघळतो आणि फळाला डाग पडतो. नूतन झेल्यात देठ कापण्यासाठी पाते बसवले आहे. त्यामुळे आंबा देठासह जाळीत येतो. साधन जुने, बदल लहान. परिणाम मात्र पेटीतल्या फळाच्या रूपावर आणि टिकाऊपणावर होतो. वरील व्याख्येनुसार ही सुधारणा आहे आणि जेवढ्या बागांत ती वापरात येईल, तेवढ्या प्रमाणात ती नवोन्मेष ठरेल.

आता या विषयावरील एक वाक्य पाहा :

‘नवोन्मेषी दृष्टिकोनाच्या माध्यमातून काढणी प्रक्रियेमध्ये गुणात्मक परिवर्तन साध्य करण्यात आलेले आहे.’

व्याकरणदृष्ट्या हे वाक्य निर्दोष आहे, पण त्यातून चित्र उभे राहत नाही. कोणी काय केले, हे त्यात नाही. क्रियापदांची जागा नामांनी घेतली आहे : काढण्याची ‘प्रक्रिया’ झाली, बदलण्याचे ‘परिवर्तन’ झाले. भाषाविज्ञानात या प्रवृत्तीला नामीकरण म्हणतात. शासकीय भाषेच्या आणि इंग्रजीच्या प्रभावामुळे ती मराठीत बळावली आहे. तीच गोष्ट तीन प्रकारच्या श्रोत्यांना अशी सांगता येईल :

(१) बागायतदारांच्या बैठकीत : ‘आंबा ओढू नका, देठ ठेवून कापा. चीक सालीवर उतरला नाही, तर डाग पडणार नाही आणि आढीत फळ स्वच्छ पिकेल.’

(२) दैनिकाच्या पुरवणीतील लेखात : ‘झेला कोकणाला नवा नाही. नवे आहे ते त्याच्या कड्यावरचे पाते. एवढ्याशा पात्याने हापूसच्या सालीवरचा डाग टाळता येतो.’

(३) महाविद्यालयीन व्याख्यानात : ‘एखादे साधन बदलताना सगळेच बदलावे लागते का? नूतन झेल्याकडे पाहा. बांबू तोच, जाळी तीच, हाताची सवयही बरीचशी तीच. म्हणून तो शिकणे सोपे जाते.’

पहिल्यात आज्ञार्थी क्रियापदे आहेत, कारण श्रोत्याला कृती करायची आहे. दुसऱ्यात जुन्या-नव्याचा विरोध मांडून उत्सुकता निर्माण केली आहे. तिसऱ्यात प्रश्नापासून आरंभ करून एका वस्तूवरून तत्त्वाकडे नेले आहे. भाषण तयार करताना ‘मला काय सांगायचे आहे’ या प्रश्नाबरोबर ‘ऐकणारा उद्या काय करणार आहे’ हा प्रश्नही विचारावा. त्यावरून वाक्यरचना ठरते.

व्याख्यानाची तयारी करताना पुढील क्रम उपयोगी पडतो. प्रथम वस्तू प्रत्यक्ष पाहावी आणि शक्य तर हाताळावी. नंतर ती वापरणाऱ्या किमान तिघांशी बोलावे. त्यांपैकी एकाने तरी ती वापरणे सोडून दिलेले असावे. सोडून देणाऱ्याची कारणे सर्वांत बोलकी असतात. साधन महाग आहे, दुरुस्त करणारा जवळ नाही, गड्याला त्याची सवय नाही, असे मुद्दे तेथे हाती लागतात. तिसऱ्या टप्प्यात विद्यापीठातील तज्ज्ञाकडून तांत्रिक भाग तपासून घ्यावा. मग लेख लिहावा आणि लेखावरून भाषणाचे मुद्दे काढावेत. भाषण मोठ्याने म्हणून, घड्याळ लावून आपली गती मोजावी. दिलेल्या वेळेपेक्षा थोडे आधी थांबणाऱ्या वक्त्याला पुन्हा बोलावणे येते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(अ) रिकाम्या जागा भरा : ‘रत्ना’ हा आंब्याचा वाण ______ आणि ______ यांच्या संकरातून तयार झाला.
(आ) पुढील वाक्यातील नामीकरण काढून ते पुन्हा लिहा : ‘मच्छीमारांकडून जाळ्यांच्या दुरुस्तीची कार्यवाही करण्यात येते.’

४.२.५ श्रेय आणि नीती

चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे हे अल्पशिक्षित, अल्पभूधारक शेतकरी. त्यांनी आपल्या भातशेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षे जपून एक बारीक दाण्याचा वाण तयार केला. हा तांदूळ बाजारात ‘एचएमटी’ या नावाने लोकप्रिय झाला. हे नाव त्या काळच्या एका प्रसिद्ध घड्याळाचे होते. तांदूळ सर्वदूर गेला, घड्याळाचे नाव घरोघरी पोहोचले. तो घडवणाऱ्याचे नाव मात्र दीर्घकाळ मागे राहिले. पुढे राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा गौरव केला, वृत्तपत्रांनी त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा लोकांना ते माहीत झाले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. लोकप्रियतेच्या मानाने आर्थिक लाभ त्यांना फारच थोडा मिळाला होता.

या घटनेत एक उणीव दिसते. नवोन्मेष घडत होता, तेव्हा त्याची नोंद करणारा, नाव-गाव-साल लिहून ठेवणारा साक्षी तेथे नव्हता. आपण ज्या व्यवसायाचा विचार करीत आहोत, त्याची सामाजिक गरज येथे आहे.

प्रा. अनिल गुप्ता यांनी सुरू केलेल्या ‘हनी बी नेटवर्क’ या चळवळीने याबाबत मधमाशीचा आदर्श मांडला आहे. मधमाशी फुलातून मध घेते, त्यामुळे फूल दरिद्री होत नाही; उलट परागीभवनामुळे फुलांचा परस्परांशी संबंध जुळतो. यावरून लेखक-वक्त्यासाठी तीन नियम सांगता येतात : ज्याची कल्पना, त्याचे नाव त्याच्या संमतीने घ्यावे; जे लिहिले, ते त्याच्या भाषेत त्याला परत वाचून दाखवावे; त्यातून आर्थिक लाभ झाला, तर त्यात त्याचाही वाटा असावा.

आणखी एक दक्षता आवश्यक आहे. एकस्वासाठी अर्ज करण्यापूर्वी शोधाचा तपशील प्रसिद्ध झाला, तर त्याची नवीनता धोक्यात येऊ शकते. एखाद्या कारागिराने नवे यंत्र बनवले असेल, तर आपल्या उत्साही लेखामुळेच त्याचा हक्क बुडण्याची शक्यता असते. म्हणून प्रसिद्धीपूर्वी त्याला विचारावे : अर्ज करणार आहात काय? केला आहे काय? शेतकऱ्याने विकसित केलेल्या वाणासाठी २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली नोंदणीची सोय आहे, ही माहितीही त्याला द्यावी.

४.२.६ व्यवसायाची बाजू : मानधन, हक्क, करार

आता चरितार्थाच्या प्रश्नाकडे वळू. समजा, आपल्या पुस्तकाची १००० प्रतींची आवृत्ती निघाली, किंमत २०० रुपये आहे आणि स्वामित्वधन दहा टक्के ठरले. सर्व प्रती विकल्या गेल्या, तर लेखकाला २०,००० रुपये मिळतील. आवृत्ती संपण्यास चार वर्षे लागली, तर हे उत्पन्न वर्षाला ५,००० रुपये होते. या हिशोबाने निराश होण्याचे कारण नाही, परंतु भ्रमातही राहू नये. मराठीत पुस्तक हे बहुधा उत्पन्नाचे मुख्य साधन ठरत नाही. ते वक्त्याचे ओळखपत्र ठरते. पुस्तकामुळे व्याख्याने, कार्यशाळा आणि लेखनाची कामे मिळतात आणि उत्पन्न त्या सर्वांचे मिळून होते. पहिली काही वर्षे मानधन शाल-श्रीफळाच्या पुढे न जाण्याचीही शक्यता असते. म्हणून हातची नोकरी, शेती किंवा धंदा सांभाळून हे काम वाढवत न्यावे. त्याचा आणखी एक लाभ म्हणजे आपल्या व्यवसायातील अनुभव हाच आपला अधिकार बनतो. बागायतदाराने आंब्यावर, परिचारिकेने आरोग्यसेवेवर, शिक्षकाने अध्यापनातील प्रयोगांवर बोलावे.

निमंत्रण स्वीकारताना मानधन, प्रवासखर्च, वेळ, श्रोत्यांचे स्वरूप आणि ध्वनिचित्रमुद्रण होणार की नाही, या पाच गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. मानधनाविषयी बोलणे संकोचाचे वाटते. तथापि नम्रतेने आधी विचारलेले पुढच्या कटुतेपेक्षा बरे.

१९५७ च्या लेखाधिकार कायद्यातील काही तरतुदी प्रत्येक लेखक-वक्त्याला ठाऊक असाव्यात. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत लेखाधिकार टिकतो. जाहीर भाषणाचा पहिला हक्क सर्वसाधारणपणे भाषण करणाऱ्याचा असतो. हक्कांचे हस्तांतर लेखी असावे लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल, तर तो भारतापुरता मानला जातो. म्हणून ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ अशा शब्दांपुढे सही करण्यापूर्वी थांबावे. स्वतः पुस्तक प्रकाशित करायचे झाल्यास आंतरराष्ट्रीय प्रमाण ग्रंथ क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो.

आरंभ जवळच्या व्यासपीठांपासून करावा. गावातील वाचनालय, शाळा, बचत गट, मच्छीमार सहकारी संस्था, आकाशवाणीचे रत्नागिरी केंद्र, ‘शेतकरी’ मासिक, ‘अ‍ॅग्रोवन’ दैनिक असा हा क्रम असू शकतो. प्रत्येक भाषणाची तारीख, विषय, श्रोते आणि विचारले गेलेले प्रश्न वहीत नोंदवावेत. दोन-तीन वर्षांत त्या प्रश्नांतून पहिल्या पुस्तकाची अनुक्रमणिका तयार झालेली दिसेल.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – ३
चूक की बरोबर ते सांगा.
(अ) करारात मुदत नमूद नसेल, तर हक्क कायमचे प्रकाशकाकडे जातात.
(आ) एकस्वाच्या अर्जापूर्वी शोधाचा तपशील प्रसिद्ध करणे शोधकर्त्याला बाधक ठरू शकते.

४.३ सारांश

नवी गोष्ट वापरात येऊन कामाची रीत बदलते, तेव्हा नवोन्मेष घडतो आणि ती वापरात येण्यासाठी भाषेची गरज असते. कर्वे यांचे भाषण, किर्लोस्करांचे मासिक आणि माशेलकरांची लेख-व्याख्याने यांतून हे दिसून येते. अधिकार, दृष्टांत, सूत्र आणि लेखी नोंद ही माशेलकरांच्या कार्यातून मिळणारी चार तत्त्वे होत. नामीकरण टाळून श्रोत्याच्या कृतीनुसार वाक्यरचना करावी. कल्पनेच्या धन्याला श्रेय द्यावे, त्याचा हक्क बुडेल अशी घाई करू नये. पुस्तक, व्याख्यान आणि मूळ व्यवसाय यांची सांगड घालूनच हा मार्ग टिकाऊ होतो.

४.४ पारिभाषिक शब्द

एकस्व : शोधाच्या वापराचा ठरावीक काळापुरता अनन्य हक्क, पेटंट.
लेखाधिकार : लेखकाचा आपल्या कृतीवरील कायदेशीर हक्क, कॉपीराइट.
स्वामित्वधन : विकल्या गेलेल्या प्रतींवर लेखकाला मिळणारी रक्कम, रॉयल्टी.
नामीकरण : क्रियापदाने सांगायचा आशय नामाने सांगण्याची प्रवृत्ती.
आढी : गवतात फळे पिकत घालण्याची रचना.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) सुधारणा वस्तूत होते, नवोन्मेष ती वापरात येऊन कामाची रीत बदलल्यावर घडतो. (आ) डिसेंबर १९१५ मधील राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून. (इ) लोखंडामुळे जमीन नासते, हा समज.
प्रश्न २ : (अ) नीलम, हापूस. (आ) मच्छीमार जाळी दुरुस्त करतात.
प्रश्न ३ : (अ) चूक. (आ) बरोबर.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. कर्ता, साक्षी आणि भाष्यकार या तीन भूमिका सोदाहरण स्पष्ट करा.
२. हळदीच्या एकस्वाच्या प्रकरणावरून लेखी नोंदीचे महत्त्व विशद करा.
३. टीप लिहा : दादाजी खोब्रागडे आणि श्रेयाचा प्रश्न.

४.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावात गेल्या दहा वर्षांत वापरात आलेले एक साधन, वाण किंवा पद्धत निवडा. ती वापरणाऱ्या दोघांची आणि वापरणे सोडून दिलेल्या एकाची मुलाखत घ्या. त्याआधारे ६०० शब्दांचा लेख आणि दहा मिनिटांच्या भाषणाचे टिपण तयार करा. लेख अभ्यासकेंद्रावर सादर करण्यापूर्वी ज्यांच्याशी बोललात त्यांना तो वाचून दाखवा आणि त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्यांची नोंद सोबत जोडा.